हुकुमाच्या राज्यात समेटाची जागा

सैन्यातील कामकाजातून उद्भवणाऱ्या तंट्यांसाठी मध्यस्थाची योजना असावी, असे कोणी सुचविले की आपल्याकडील सुशिक्षित माणूस प्रथम हसतो, आणि मग समजावणीच्या सुरात सांगतो की, फौज म्हणजे काही सहकारी पतपेढी नव्हे. तेथे हुकूम सुटतो आणि तो पाळला जातो. ज्याला वाटाघाटी करावयाच्या असतील त्याने गणवेश उतरवून ठेवावा. निवृत्त अधिकारी हेच मत अधिक अदबीने मांडतात, वर्तमानपत्रे अधिक आवेशाने मांडतात, आणि ज्याने पलटणीचे फाटकही कधी ओलांडलेले नाही तो ते सर्वांत अधिक आत्मविश्वासाने मांडतो. देशभक्तीच्या पोषाखात वावरत असल्यामुळे ह्या मताची झडती सहसा कोणी घेत नाही. ती घेतली तर त्याच्या पोटात एक मोठी गल्लत सापडते. हुकुमाचे पालन आणि हुकूम देणाऱ्याच्या वागणुकीविषयीची तक्रार, ह्या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी त्यात एकच धरल्या गेल्या आहेत.

माझे प्रतिपाद्य असे आहे की, सैन्यात मध्यस्थीच्या आड येते ती शिस्त नव्हे. आड येते ती तक्रार ऐकण्याचा, शिक्षा देण्याचा, रजा मंजूर करण्याचा आणि गोपनीय अहवालात शेरा मारण्याचा अधिकार एकाच मेजाभोवती एकवटल्याची व्यवस्था. ह्या व्यवस्थेला धक्का न लावता तिच्या शेजारी एक स्वतंत्र, छोटी वाट काढता येते. ती काही कठोर अटींनी बांधली तर शिस्तीला पोषक ठरेल. त्या अटी शिथिल केल्या तर मात्र तीच वाट तक्रारी गाडण्याची जागा होईल, आणि तशी मध्यस्थी असण्यापेक्षा नसलेली बरी.

तंटा नेमका कशाचा असतो

लष्करातील तंटा म्हटला की हुकूम मोडणारा शिपाई आणि त्याच्यावरील कोर्टमार्शल डोळ्यांपुढे उभे राहते. पलटणीच्या किंवा डेपोच्या दफ्तरात रोज जन्म घेणाऱ्या तंट्यांचे विषय निराळेच असतात. मंजूर झालेली रजा ऐन वेळी थांबविणे, क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत नाव विनाकारण खाली सरकणे, ज्येष्ठाला डावलून भांडाराचा चार्ज कनिष्ठाच्या हाती देणे, एका कारकुनाच्या टेबलावर तिघांचे काम आणि दुसऱ्याच्या टेबलावर वर्तमानपत्र, सहायक म्हणून नेमलेल्या जवानाकडून करून घेतलेली घरगुती कामे, चारचौघांत उच्चारलेला अपशब्द, आणि वर्षाअखेरीस गोपनीय अहवालात उमटलेला एखादा निरुत्साही शेरा: ह्यांपैकी कशातही रणांगण नाही, आणि राष्ट्राच्या संरक्षणाचा प्रश्न तर मुळीच नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका हवालदाराच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाची तारीख तहसील कचेरीत लागली आहे. त्याने वार्षिक रजेपैकी वीस दिवस मागितले, ते मंजूर झाले, गाडीचे आरक्षणही झाले. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वरिष्ठ मुख्यालयाकडून तपासणीचा हुकूम आल्यामुळे कंपनी कमांडरने रजा थांबविली. हुकूम कायदेशीर आहे, हवालदाराने तो पाळलाही. पण रजा थांबविताना कंपनीच्या जवानांसमोर साहेबांनी एक वाक्य टाकले: ‘तुझं लक्ष बंदुकीपेक्षा बांधावरच जास्त.’ पंधरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य ज्यांनी ऐकले त्यांच्याच पुढे दुसऱ्या दिवशी उभे राहून कवायत घ्यावयाची आहे.

आता ह्या प्रकरणाची चौकशी करा. रजा थांबविण्याचा अधिकार होता काय? होता. कारण खरे होते काय? होते. येथे चौकशी संपते, आणि तंटा जेथल्या तेथे राहतो. चौकशीचा स्वभावच असा की, दोषी कोण एवढेच ती विचारते. उद्या सकाळी ही दोन माणसे एकाच मैदानावर कशी उभी राहतील, हे विचारण्याचे तिला प्रयोजन नसते. उलट ज्याच्यावर तक्रार झाली तो तरुण मेजरही, आपल्या पुढील बढतीच्या कागदपत्रांत हे प्रकरण राहील ह्या भीतीने, साध्या दिलगिरीच्या जागी कायदेशीर कैफियत लिहावयास बसतो. मध्यस्थ असता तर तपासणीनंतरच्या आठवड्यातील रजेची तारीख, सुनावणी पुढे ढकलण्याविषयी कमांडिंग ऑफिसरच्या सहीचे तहसीलदाराला पत्र, आणि ज्या जवानांपुढे ते वाक्य उच्चारले गेले त्यांच्याच पुढे ते मागे घेणारे दोन शब्द, एवढ्यावर प्रकरण मिटले असते. ह्यांत हुकुमाचे एक अक्षर बदलले नसते.

आज दाद कोठे मागता येते

कायदा दाद मागू देत नाही, असे कोणी म्हणू नये. सेना अधिनियम, १९५० ह्याच्या कलम २६ अन्वये, आपल्यावर वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणारा जवान आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे, आणि तेथेही अन्याय झाला तर थेट सेनाध्यक्षांपर्यंत. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे, आणि त्यांची तक्रार केंद्र सरकारपर्यंत जाऊ शकते. तक्रार हाती येताच शक्य तितकी पूर्ण चौकशी करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. ही कलमे वाचली की त्यांच्या कर्त्यांविषयी आदर वाटतो. परंतु त्यांच्या पुढे काही पानांवर कलम ५६ बसलेले आहे: जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद. तत्त्वतः हे कलमही योग्य आहे, कारण खोट्या आरोपाने चांगल्या अधिकाऱ्याचे आयुष्य नासू शकते. पण ज्याला कायद्याची भाषा परकी आहे त्या शिपायाला ‘जाणूनबुजून’ ह्या शब्दाचा आधार दिसत नाही, कैदेचा आकडा मात्र दिसतो. शिवाय ज्या साखळीतून तक्रार वर चढावयाची त्याच साखळीतील कमांडिंग ऑफिसरला कलम ८० खाली अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैदेची शिक्षा परभारे देता येते, समरी कोर्टमार्शल एकट्याने चालविता येते, आणि वार्षिक अहवालातील शेराही त्याच्याच कचेरीतून जातो. तो अधिकारी सज्जन असेल, बहुतेक असतातच. तथापि सज्जन न्यायाधीशापुढेही, त्याच्याच मर्जीवर आपले पुढचे वर्ष अवलंबून असताना, कोण मोकळेपणाने बोलेल?

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला आणि २००९ पासून ते चालू आहे. मुंबईतही त्याचे पीठ आहे. त्याआधी १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लष्करी न्यायनिवाड्यावर एखादेही अपील नसावे ह्याविषयी खेद व्यक्त केला होता. त्या खेदाचे उत्तर म्हणून ह्या न्यायाधिकरणाकडे पाहता येते, आणि तेवढ्यापुरते ते स्वागतार्हच आहे. पण त्या कायद्यातील ‘सेवाविषयक बाबी’ची व्याख्या काळजीपूर्वक वाचावी. बदली व नेमणूक त्यातून वगळली आहे. कोणत्याही प्रकारची रजा वगळली आहे. म्हणजे शिपायाच्या मनाला रोज टोचणाऱ्या ज्या दोन गोष्टी, त्यांनाच न्यायाधिकरणाचे दार बंद. मी ह्याला दोष देत नाही. कोणाला कोठे पाठवावे आणि कोणाला केव्हा सोडावे हे न्यायाधीश ठरवू लागले तर सैन्य चालणार नाही. परंतु न्यायालयाने हात लावू नये अशी बाब समेटानेही सोडविता येऊ नये, हे कोठल्या तर्कशास्त्राने सिद्ध होते? उलट जेथे न्यायालयाला मज्जाव आहे तेथेच समेटाची गरज सर्वाधिक असते.

खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भद्रावती येथील कारखाने आणि डेपो ज्यांच्या श्रमांवर चालत आले त्या मुलकी नोकरांची स्थिती थोडी निराळी आहे. एस. एम. जोशींसारख्या नेत्याने संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्व केले, १९६० साली केंद्रीय नोकरांचा देशव्यापी संप झाला, आणि त्यानंतर १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा व सक्तीचा लवाद अस्तित्वात आला. ही यंत्रणा वेतन, कामाचे तास, रजेचे नियम ह्यांवर बोलते. पण भरती, बढती आणि शिस्त ह्यांच्या बाबतीत केवळ सर्वसाधारण तत्त्वांचा विचार व्हावा, व्यक्तिगत प्रकरणे घेऊ नयेत, असे तिच्या योजनेतच लिहिलेले आहे. म्हणजे दहा हजार माणसांचा एक प्रश्न तेथे जाऊ शकतो, एका माणसाचा जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष पलटणींशी जोडलेले स्वयंपाकी, चौकीदार, लस्कर, न्हावी, सुतार, शिंपी ह्यांच्याविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली नायर ह्यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाच्या दृष्टीने ते सशस्त्र दलांचेच घटक आहेत आणि त्यांना कामगार संघटना करता येणार नाही. ज्याला संघटना नाही आणि ज्याचे गाऱ्हाणे व्यक्तिगत आहे, त्याने कोणापाशी बसावे?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन एक्केचाळीस कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यांतील म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात, यंत्र इंडियाचे नागपुरात. मालक बदलला, फलक बदलले. डेपोंची व्यवस्था मात्र जुनीच राहिली, आणि पंचवीस वर्षे एकाच भांडारात काढलेला मुलकी नोकर आणि दोन-तीन वर्षांसाठी बदलून आलेला गणवेशधारी अधिकारी ह्यांच्यातील कुरबूर तशीच चालू आहे. एकाला प्रत्येक पेटीचा इतिहास माहीत, दुसऱ्याच्या हाती सहीचा अधिकार. तंट्याला ह्याहून सुपीक जमीन शोधून सापडणार नाही.

‘तलवार’वरील फेब्रुवारी

तक्रारीचा रस्ता कागदावर असूनही चालता येत नाही तेव्हा काय घडते, ह्याचा दाखला मुंबईनेच दिलेला आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ ह्या संदेशवहन-प्रशिक्षणाच्या नाविक तळावर खलाशांची गाऱ्हाणी दोन होती: निकृष्ट अन्न, आणि तळाच्या प्रमुखाने त्यांना उद्देशून वापरलेले अपमानकारक शब्द. सामुदायिक तक्रार हे बंड मानले जाई, म्हणून काही खलाशांनी नियमाप्रमाणे स्वतंत्रपणे गाऱ्हाणी मांडली. आणि ती ज्याच्याविरुद्ध होती त्याच अधिकाऱ्याच्या मेजावर गेली. १८ फेब्रुवारीला खलाशांनी अन्न नाकारले. पुढच्या काही दिवसांत सुमारे ७८ जहाजे, वीसेक तळ आणि वीस हजारांच्या आसपास खलाशी त्या उठावात सामील झाले.

तो उठाव केवळ डाळीतील खड्यांसाठी झाला, असे म्हणणे त्या खलाशांचा अपमान करण्यासारखे होईल. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी देश ढवळून निघाला होता, आणि स्वातंत्र्याची ऊर्मी जहाजांच्या डेकांवरही पोचली होती. परंतु दारू कितीही साठलेली असली तरी ठिणगी कोठे पडली, हेही इतिहासाने नोंदवावयाचे असते. ती तक्रारीच्या मेजावर पडली.

ह्या प्रकरणाचा उत्तरार्ध माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अखेरीस मध्यस्थी झालीच, आणि ती सरदार वल्लभभाई पटेलांनी केली. त्यांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाऊ नये ह्यासाठी प्रयत्न करण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते. आणि पुढे शेकडो खलाशांना नौदलातून काढून टाकण्यात आले. मध्यस्थ थोर होता, त्याचा शब्द प्रामाणिक होता, पण त्याच्या शब्दाला सरकारी दफ्तरात कोठेही आधार नव्हता. ज्या मध्यस्थीच्या पाठीशी नियम नाही तिचे आश्वासन दुसऱ्याच्या मर्जीवर जगते. म्हणूनच मी पुढे ज्या योजनेचा पुरस्कार करणार आहे ती सद्भावनेवर सोडण्याची माझी तयारी नाही.

जर्मन कायद्यातील एक रात्र

आता ज्यांना शिस्त आणि समेट ह्यांचे हाडवैर वाटते त्यांनी कृपा करून जर्मनीकडे पाहावे. हुकुमाच्या पालनाची कीर्ती आणि अपकीर्ती, दोन्ही ह्या राष्ट्राच्या सैन्याइतकी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नसेल. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५५ मध्ये तेथे नवे सैन्य उभे राहिले, आणि लगेच १९५६ च्या डिसेंबरात सैनिकांच्या तक्रारींविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाचा विषयच मध्यस्थी आणि समोरासमोरची बोलणी हा आहे. ते कलम थोडे थांबून पाहण्याजोगे आहे.

ज्याला आपला व्यक्तिशः अपमान झाला असे वाटते आणि सलोख्याने मिटण्याची शक्यता दिसते, तो सैनिक औपचारिक तक्रारीपूर्वी मध्यस्थाला बोलावू शकतो. बोलावलेच पाहिजे असे नाही. प्रसंग घडल्यावर किमान एक रात्र उलटली पाहिजे, आणि एका आठवड्याच्या आत बोलावणे गेले पाहिजे. रात्र ह्यासाठी की, संतापाच्या भरात उचललेली लेखणी सकाळी निराळे लिहिते. आठवडा ह्यासाठी की, जुनी झालेली जखम चिघळते. मध्यस्थ हा सैनिकच असला पाहिजे, त्याच्यावर तक्रारदाराचा विश्वास असला पाहिजे, आणि प्रकरणाशी त्याचा संबंध असता कामा नये. दोहोंपैकी कोणाचाही निकटचा वरिष्ठ मध्यस्थ होऊ शकत नाही. त्याने वस्तुस्थिती समजून घ्यावी आणि समेटासाठी झटावे, एवढेच त्याचे कर्तव्य; निवाडा देण्याचा त्याला अधिकार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलमाच्या अखेरीस आले आहे: मध्यस्थी चालू असताना औपचारिक तक्रारीची मुदत थांबत नाही. म्हणजे ‘थांब, आपण बोलून मिटवू’ असे म्हणत म्हणत कोणी तक्रारीची एक महिन्याची मुदत बुडवू पाहील, तर सैनिकाला घड्याळ आपल्या बाजूने कसे ठेवावयाचे ते कायद्यानेच सांगून ठेवले आहे. तक्रार निराधार ठरली म्हणून तक्रारदाराचे नुकसान करता येणार नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

ह्या कायद्यात सामुदायिक तक्रारीला मात्र मनाई आहे, हे मुद्दाम सांगतो. म्हणजे हा भाबड्या उदारमतवाद्यांनी लिहिलेला मसुदा नव्हे. शिस्तीची किंमत ज्यांना ठाऊक होती, आणि आंधळ्या आज्ञापालनाची किंमत ज्यांनी नुकतीच मोजली होती, त्यांनी तो लिहिला आहे.

कॅनडाची वाट वेगळी. १९९३ मध्ये सोमालियात त्या देशाच्या तुकडीकडून घडलेल्या अमानुष प्रकारांची चौकशी झाली, १९९७ साली अहवाल आला, १९९८ मध्ये संरक्षण खात्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमला गेला, आणि खात्याच्या आत तंटे सलोख्याने सोडविण्याची यंत्रणा गणवेशधारी व मुलकी अशा दोहोंसाठी उभारली गेली. तिचे यशापयश हा वेगळा विषय आहे. लैंगिक छळाच्या प्रकरणांत त्या सैन्याची पुढे जी नाचक्की झाली ती पाहता यंत्रणेनेच सर्व साधते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप, हुकुमाची वाटाघाट होऊ शकत नाही. मान्य, आणि म्हणूनच हुकूम, युद्धसज्जता, कार्यवाहीतील नेमणूक ह्या बाबी मध्यस्थीच्या कक्षेबाहेर असाव्यात. मारहाण, चोरी, लाचलुचपत ह्यांचीही तडजोड होता कामा नये. लैंगिक छळाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. २०१३ च्या कायद्याच्या दहाव्या कलमात, पीडित स्त्रीने स्वतः मागणी केल्यास, चौकशीपूर्वी समेटाची मुभा आहे, आणि पैशाच्या आधारावर असा समेट होऊ शकत नाही. मुलकी कचेरीत ह्या मुभेचे जे काही समर्थन होत असेल ते असो. जेथे हुद्द्याची उतरंड खांद्यावर शिवलेली असते तेथे ‘स्वतः मागणी केली’ ह्या शब्दांवर विश्वास ठेवणे मला धोक्याचे वाटते. सैन्यातील योजनेतून हा विषय सरळ वगळावा.

दुसरा आक्षेप जुन्या सैनिकांचा असतो, आणि त्यात खरे पुष्कळ आहे. ते म्हणतात, हे सर्व आमचे सुभेदार मेजर साहेब करीतच आले आहेत. दरबारात जवान उठून बोलतो, बाकीचे सुभेदार मेजर चहाच्या पेल्यावर मिटवितात. दोन जवानांमधील, दोन हवालदारांमधील तंटा सुभेदार मेजर ज्या कौशल्याने मिटवितो ते कोणत्याही प्रशिक्षित मध्यस्थाने शिकावे, ह्याबद्दल वाद नाही. पण तंटा अधिकारी आणि जवान ह्यांच्यातील असेल तर? सुभेदार मेजर हा कमांडिंग ऑफिसरचा उजवा हात. त्याची निष्ठा त्या खुर्चीशी बांधलेली आहे आणि तशी ती असलीच पाहिजे. उजव्या हाताने डाव्या बाजूची कैफियत कितीही प्रामाणिकपणे मांडली तरी ऐकणाऱ्याला तो हात कोणाचा हे दिसत राहते. दरबाराचेही तसेच. सर्व पलटणीसमोर उभे राहून ‘मेसमधील भाजी बरी नाही’ असे म्हणता येते. ‘साहेबांनी मला अमुक म्हटले’ असे म्हणता येत नाही. आणि डेपोतील कारकून स्त्रीला तर सुभेदार मेजरही नाही, दरबारही नाही.

तिसरे म्हणणे असे की, तक्रार थेट वर पोचविण्याची सोय केली की पुरे. जानेवारी २०१७ मध्ये निकृष्ट अन्नाविषयी सीमा सुरक्षा दलातील एका जवानाची चित्रफीत देशभर पसरली, आणि त्या सुमारास सेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत ह्यांनी ठिकठिकाणी सूचना व तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले. हेतू निर्मळ होता. परंतु पेटी वर नेते, समोर बसवीत नाही. सातारच्या त्या हवालदाराची चिठ्ठी दिल्लीला पोचली तर दिल्लीहून खाली विचारणा येणार, विचारणेला उत्तर जाणार, आणि ते उत्तर तोच कंपनी कमांडर लिहिणार.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो शिस्तवाद्यांकडून येत नाही, न्यायप्रेमींकडून येतो. ते विचारतात: मध्यस्थी गुप्त असणार, मग एकच अधिकारी पाच जणांशी पाच वेळा उद्दामपणे वागला आणि पाचही प्रकरणे गोडीने मिटली, तर त्याची नोंद कोठे राहील? समेट हा दुर्वर्तनाचा पडदा ठरणार नाही काय? हा आक्षेप अर्धा मान्य करण्याखेरीज गत्यंतर नाही. गुप्तता काढली तर कोणी बोलणार नाही, आणि गुप्तता निरपवाद ठेवली तर उद्दाम माणूस तिच्या आडोशाला वाढत जाईल. ह्यावर मला सुचणारा मार्ग असा की, काय बोलले गेले ते कोठेही लिहू नये. पण कोणत्या युनिटातून, कोणत्या विषयावर, किती वेळा मध्यस्थाला बोलावणे आले, एवढा आकडा नावांवाचून वरच्या मुख्यालयाकडे दर सहामाहीला जावा. एकाच युनिटाचा आकडा चढत असेल तर शहाण्या जनरलला पुढचे सांगावे लागत नाही. आणि सहामाही आकड्यांनीही जो जागा होत नाही त्याच्यासाठी कलम २६ ची वाट उघडी आहेच. मध्यस्थीने ती एक दिवसही बंद होता कामा नये.

वेळ कोठून आणावा, सीमेवर मध्यस्थ कसा पोचावा, असेही कोणी विचारतात. सीमेवरच्या तुकडीसाठी ही योजना नाहीच. ती शांततेच्या स्टेशनांसाठी, प्रशिक्षण केंद्रांसाठी, डेपो, गोद्या आणि कचेऱ्यांसाठी आहे. ह्या आक्षेपावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

योजना कशी असावी

मध्यस्थ तक्रारदाराच्या साखळीतला नसावा, एवढे म्हटले की लगेच प्रश्न येतो: मग बाहेरचा आणावा काय? वकील किंवा निवृत्त न्यायाधीश आणण्यास माझा विरोध आहे. पलटणीत ‘इज्जत’ म्हणजे काय, तपासणीच्या आठवड्यात माणसे कशी तुटलेली असतात, चार्ज सोपविताना एक पेटी कमी भरली तर कोणाची झोप उडते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या समोर बसून सैनिक अर्धा तास केवळ समजावून सांगण्यातच घालवील. पण साखळीबाहेरचा सैनिक मिळणे मुळीच कठीण नाही, कारण आपल्याकडे तिन्ही दले एकाच गावात नांदतात. पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे, लोहगावला हवाई दल आहे, लोणावळ्यास ‘शिवाजी’ हा नौदलाचा तळ आहे, खडकवासल्याला तिन्ही दलांची प्रबोधिनी आहे. भूदलातील हवालदाराचे भांडण हवाई दलातील एखाद्या वॉरंट ऑफिसरने ऐकावे, नौदलातील खलाशाचे भूदलातील सुभेदाराने ऐकावे. दोघांनाही गणवेशाची भाषा कळते, आणि एकाच्याही अहवालावर दुसऱ्याची सही येत नाही. नाशिकला देवळाली आणि ओझर शेजारी आहेत. गोव्यात दाबोळीला नौदल आणि पणजीला भूदलाचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे. मुलकी नोकराच्या प्रकरणात दोन मध्यस्थ असावेत, एक गणवेशधारी आणि एक मुलकी, आणि तक्रारदार स्त्री असेल व तिची इच्छा असेल तर त्यांतील एक स्त्री असावी.

त्यांची यादी स्टेशन मुख्यालयाने ठेवावी, निवड मात्र तक्रारदाराने करावी आणि दुसऱ्या पक्षाला एकदा हरकत घेता यावी. प्रशिक्षणाची सोय नव्याने शोधण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समझोता प्रकल्प समितीचा चाळीस तासांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालू आहे, त्यात लष्करी उदाहरणे घातली म्हणजे झाले. बैठक कोणत्याही पक्षाच्या कचेरीत होऊ नये, आणि तेवढ्या वेळापुरती टोपी व हुद्दा बाहेर ठेवावयास सांगू नये. हुद्दा खुंटीला टांगून समेट होतो ही मुलकी कल्पना आहे. सैनिकाला आपला आणि समोरच्याचा हुद्दा जागेवर ठेवूनच सन्मान हवा असतो. ठरले ते एका पानावर लिहावे, दोघांनी सही करावी, आणि त्यातील रजा, जागा किंवा कामाची वाटणी ह्यांविषयीचा भाग कमांडिंग ऑफिसरने मंजूर केल्यावर तो युनिटावर बंधनकारक व्हावा. १९४६ च्या खलाशांपाशी नेमके हेच पान नव्हते. मध्यस्थाकडे गेल्याचा उल्लेख गोपनीय अहवालात आढळला तर तो शेरा रद्दबातल समजावा, आणि हे नियमात लिहिलेले असावे. ‘साहेबांनी सांगितले आहे’ ह्या तोंडी खात्रीवर कोणी नोकरी पणाला लावीत नाही.

ह्यासाठी सेना अधिनियमाला हात लावण्याची गरज नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात, सरकार पक्षकार असलेल्या व्यापारेतर तंट्यांचे दार अधिसूचनेवाचून उघडत नाही, म्हणून त्याचीही वाट पाहू नये. सेना अधिनियमाच्या कलम १९१ अन्वये केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे, आणि कलम २६ खालील तक्रारीपूर्वी ऐच्छिक मध्यस्थीची एक पायरी त्या नियमांत घालता येईल, असे माझे मत आहे. संरक्षण मंत्रालयाने पुणे हे एक स्टेशन दोन वर्षांसाठी निवडावे, तेथील डेपो आणि प्रशिक्षण केंद्रे तिन्ही दलांसह ह्या योजनेखाली आणावीत, आणि दोन वर्षांनी आकडे संसदेच्या स्थायी समितीपुढे ठेवावेत. पुणे, सातारा, कोल्हापूर आणि कोकणपट्टी ह्या भागांत जे निवृत्त सुभेदार मेजर आणि कर्नल आपला अनुभव व्याख्यानांतून सांगत असतात, त्यांनी हा नियम मागण्याच्या अर्जावर पहिल्या सह्या कराव्यात. त्यांची सही असलेला कागद दिल्लीच्या दफ्तरात बाजूला ठेवणे कोणालाही सोपे जाणार नाही.